अप्पा मागून येताहेत

आमच्या धाकट्या दिराला मी त्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच सांगून टाकलं, की आज दिवसभर आईंबरोबर चाल, डोळे उघडे ठेवून बघ आणि मग काय ते बोल. तो बंगळूरहून आदल्या संध्याकाळी आला होता, आणि आला होता तो सगळं ठरवूनच. तांबरमच्या पुढे म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेणारं एक घर आहे. तिथे सोमवारी आईंना 'दाखवायला' न्यायचं होतं. 'दाखवायला' हा त्याचा शब्द. दाखवून झाल्यावर परत आणायचं की नाही, याबद्दल तो अवाक्षर काढत नव्हता.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. दीर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्यावर बरीच चिडणार आहे. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मार्गळी महिन्यात, पोंगलच्या आधी, आई भर दुपारी घरातून निघून गेल्या होत्या आणि देवळाच्या तळ्याकाठी सापडल्या होत्या. एकदा गॅस चालूच राहिला होता. पण वर्षातून दोनदा येणाऱ्याने उंटावरून शेळ्या हाकाव्यात, हे मला सोसत नाही. मी मिरजेहून लग्न होऊन मैलापूरच्या त्या घरात आले तेव्हा मला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं, आणि घरातली तंजावरी मराठी तर ऐकून हसू की रडू असं व्हायचं. तेव्हा या बाईने मला बाजारात हात धरून नेलं, भाजीवालीशी कसं भांडायचं ते शिकवलं, आणि माझ्या शब्दांना घरात कुणी हसलं तर त्याला ताटावरून उठवलं. तिला आता एका खोलीत दोन खाटांपैकी एक खाट द्यायची? माझ्या जिवात जीव असेपर्यंत नाही, असं मी नवऱ्याला सांगितलं होतं. नवरा रेल्वेत. तो म्हणाला, "तुम्ही दोघं काय ते ठरवा," आणि ड्युटीवर गेला.

दिराला पटवायला माझ्याकडे एकच हुकमी पान होतं. आमचा इथल्या मराठी माणसांचा एक गट आहे, निम्मे तंजावरी, निम्मे महाराष्ट्रातून नोकरीपायी आलेले. महिन्यातून एका रविवारी आम्ही दिवसभर पायी फिरतो. आई दर वेळी येतात आणि माझ्यापेक्षा खडखडीत चालतात. "रस्ता विसरणारी बाई अशी चालेल का?" असं मी दिराला फोनवर ऐकवलं होतं. तो म्हणाला, "ठीक आहे मन्नी, मीही येतो. ती नीट असली तर सोमवारचं मी रद्द करतो." तो मला वहिनी म्हणत नाही, इथल्या रीतीने मन्नी म्हणतो.

तो रविवार नेमका तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवसाचा आला. या दिवशी नदीला नवं पाणी येतं म्हणून बायका नदीची पूजा करतात, काठावर बसून तऱ्हेतऱ्हेचे भात खातात, आणि सवाशिणी एकमेकींच्या गळ्यात हळदीचा पिवळा दोरा बांधतात. तंजावरी घरांनी हे कावेरीवरून उचलून इथे आणलं. इथे कावेरी नाही, अड्यार आहे, आणि अड्यारला नाक धरून नमस्कार करावा लागतो. तरी करतात. मार्ग ठरला होता तो असा, की सकाळी अड्यारच्या जुन्या झाडीतून चालायचं, दुपारी नदीकाठी पूजा आणि भात, मग कालव्याच्या कडेने स्टेशन गाठायचं आणि खांबांवरून जाणाऱ्या गाडीने घरी.

निघतानाच ठेच लागायचा पहिला प्रसंग आला. आई तयार होऊन बाहेर आल्या त्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावून. अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन तीन वर्षं होत आली होती. दिराने माझ्याकडे पाहिलं.

"हल्ली सगळ्याच लावतात," मी म्हणाले. "मीच म्हटलं लावा म्हणून."

मी म्हटलं नव्हतं. पोंगलनंतर एका सकाळी त्यांनी आपणहून डबी उघडली, आणि मी वाद घालायचं सोडून दिलं.

झाडीत शिरलो तेव्हा ऊन वर आलं नव्हतं. आमचे गटप्रमुख आवडी नावाच्या उपनगरातल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, गळ्यात शिट्टी घालून चालतात, आणि वडाच्या पारंब्यांनासुद्धा रांगेत उभं करतील असा त्यांचा आवाज. ते पुढे. मागे मी, आई आणि दीर. वाट सुंदर होती म्हणतात. मला काही दिसलं नाही. मी फक्त आईंच्या तोंडाकडे बघत होते, पुढचं वाक्य काय येतंय म्हणून.

"तू कधी आलास रे?" त्यांनी दिराला विचारलं.

"काल, अम्मा."

थोडं चालल्यावर पुन्हा, "तू कधी आलास?" तो उत्तर देणार तेवढ्यात मीच बोलले, "आई, त्या झाडावर बघा केवढं पोळं आहे मधमाश्यांचं." पोळं होतं की नव्हतं देव जाणे. तिसऱ्यांदा प्रश्न येतोय असं वाटलं तेव्हा मी त्यांच्या हातात शेंगदाण्याचा लाडू दिला. तोंडात लाडू असला की माणूस बोलत नाही. सकाळभर मी हेच केलं. त्यांच्या अर्ध्या वाक्यांना शेपटं जोडली, चुकलेली नाती दुरुस्त केली, हसण्यावारी नेलं. शेवटी दीर म्हणाला, "मन्नी, जरा तिला बोलू द्या की." मी गप्प बसले आणि घामाने निथळले.

पण आई चालत होत्या झकास. मुळं, दगड, चिखल, कुठे अडखळल्या नाहीत. गटातल्या तंजावरी बायकांशी त्या जुन्या गप्पा मारायला लागल्या, कुणाच्या लग्नात कोणता स्वयंपाकी होता, कुठल्या गल्लीत कोणाचं घर होतं, आणि एकही तपशील चुकला नाही. दीर ऐकत होता. त्याचा चेहरा सैल पडत चालला. नदीकाठी पोचेपर्यंत तो म्हणालासुद्धा, "माझ्यापेक्षा जास्त आठवतंय हिला." मी मनातल्या मनात हात जोडले.

नदी काळी आणि संथ होती. जलपर्णीच्या गालिच्यावर दोन बगळे उभे होते. पुलाच्या अलीकडे पायऱ्यांचा एक जुना तुकडा आहे, तिथे बायकांनी दिवा लावला, नदीला हळदकुंकू वाहिलं, डबे उघडले. चिंचेचा भात, लिंबाचा, खोबऱ्याचा, दहीभात. मग पिवळ्या दोऱ्यांचं तबक पुढे आलं. ते कुणी उचलायचं, असा एक क्षण गेला. वयाने मोठी सवाशीण कोण, ते बायका बघत होत्या.

आईंनी तबक उचललं.

अगदी सहज, दर वर्षी उचलत असल्यासारखं. पहिला दोरा घेऊन त्या समोरच्या नव्या लग्नाच्या मुलीकडे वळल्या. बायकांचे हात जागच्या जागी थांबले. त्यातल्या कितीतरी जणी अप्पा गेले तेव्हा आमच्या घरी येऊन बसल्या होत्या. मुलीच्या सासूने मुलीचा दंड धरला. आणि दीर पायरीवर उभा राहून माझ्याकडे बघत होता.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ उघडायला एक श्वास पुरला असता. मी उठून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "आमच्या घरी आता हे भेद आम्ही मोडलेत. नवरा असला काय, नसला काय, आशीर्वाद तो आशीर्वाद. आईंनीच पुढाकार घ्यावा असा मी हट्ट धरला."

मला स्वतःलाच माझ्या आवाजाचं नवल वाटलं. मग पुण्याच्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच. गटप्रमुखांनी भावना अनावर होऊन शिट्टी फुंकली. मोबाइल निघाले. त्या मुलीने सासूचा हात सोडवला आणि मान पुढे केली. आईंनी दोरा बांधला, दुसरीला बांधला, तिसरीला बांधला. टाळ्या कशाच्या हे त्यांना कळलं नाही, पण त्या हसत होत्या. दीर माझ्याजवळ आला. त्याचे डोळे भरले होते.

"अम्मा एवढी पुढे गेली? मला वाटलं होतं ती मागे मागे चाललीय," तो म्हणाला. "मन्नी, सोमवारचं राहू द्या."

मी जिंकले होते. सुंठीवाचून खोकला गेला होता. मी चिंचेचा भात वाढून घ्यायला वाकले, आणि तेव्हा नुंगंबाक्कमच्या बाई पुढे आल्या.

त्या निवृत्त शिक्षिका. आईंची जुनी शेजारीण, तंजावरीच. त्यांचे यजमान जाऊन दहा वर्षं झालेली. या दिवसाला त्या दर वर्षी येत आणि भात वाढायला मागे उभ्या राहत. आज त्यांनी हात धुतले, पदर सारखा केला आणि आईंसमोर येऊन बसल्या. जन्मभर वर्गात खणखणीत बोललेली बाई, पण आवाज निघाला अगदी बारीक. "मलाही बांधा मग," त्या म्हणाल्या.

आईंनी हातातला दोरा मागे घेतला.

"तुज कसं बांधू ग?" त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, नवल होतं. "तुझे हे जाऊन दहा वर्षं झालीत की. आपल्यांत बांधतात का असं? अस्के लोक बघतायत. ऊठ, ऊठ."

मग आई इकडेतिकडे बघायला लागल्या, पायऱ्यांवर, पुलाकडे, पुरुष बसले होते तिकडे.

"आणि आमचे हे कोठे राहिले? जेवणाची वेळ झाली की. सेरि, असू दे, मी थांबते."

नुंगंबाक्कमच्या बाई उठल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकदाच. सगळं त्यांना कळलं होतं. दिरालाही. माझं पितळ उघडं पडलं याचं मला काही वाटलं नाही. पण त्या बाई दहा वर्षांनी पुढे येऊन बसल्या होत्या त्या माझ्या भाषणावर विश्वास ठेवून. त्यांचं ते उठणं बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जेवणं कशीबशी झाली. गटप्रमुखांची शिट्टी खिशात गेली. कालव्याची वाट सुरू झाली तेव्हा सगळे आमच्यापासून अंतर ठेवून पुढे चालत होते, वाईट म्हणून नव्हे, काय बोलावं ते न सुचल्यामुळे. मी पळत जाऊन नुंगंबाक्कमच्या बाईंना गाठलं आणि माफी मागितली.

"तिच्यावर रागावले नाही मी," त्या म्हणाल्या. "ती आजारी आहे. तू तर बरी आहेस ना?"

मी परत मागे आले.

एका बाजूला कालव्याचं हिरवट पाणी, दुसऱ्या बाजूला गाडीचे जाडजूड खांब, मधे जेमतेम दोन माणसांची पायवाट. कठडा जागोजागी तुटलेला. दीर आईंना चार पावलं पुढे चालू देऊन माझ्याशी दबक्या आवाजात बोलत होता, आणि त्याचा दबका आवाज ओरडण्यापेक्षा वाईट.

"कधीपासून?"

"पोंगलनंतर."

"दादाला ठाऊक आहे?"

"आहे."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना. मी काय परका आहे?"

"तू फोन करतोस तो तांबरमच्या खोल्यांचे फोटो पाठवायला," मी म्हणाले. "परक्यासारखाच वागतोस."

"आणि तुम्ही तिला खोट्यात ठेवता. मी तिला सरळ सांगणार आहे. अप्पा गेलेत, हे तिला सांगायला हवं."

मी त्याचा दंड धरला. "दोनदा सांगितलंय आम्ही. दोन्ही वेळा तिने ते पहिल्यांदाच ऐकलं. रात्रभर रडली, जेवली नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, ते कुठे आहेत? तुला बघायचंय ते? मग सांग. इथेच सांग. मी बाजूला होते."

तो पुढे वळला, आणि आई तिथे नव्हत्या.

पुढे गट दिसत होता, त्यात त्या नव्हत्या. मग माझ्या ध्यानात आलं, त्या पुढे कशाला जातील? आम्ही भांडत असताना एका खांबाच्या पलीकडून त्या उलट्या फिरल्या असणार. आम्ही मागे धावलो. प्रत्येक खांबाआड दीर बघत होता आणि मी पाण्याकडे बघत होते. पाण्यावर काही हललं की मी थांबून निरखत होते. एका वळणावर आवाज ऐकू आला.

"अहो! अहो!"

कठडा तुटलेल्या जागी, अगदी कडेला त्या उभ्या होत्या. टाचांखाली भुसभुशीत माती. पलीकडच्या काठावरून लुंगीतला एक म्हातारा सायकल ढकलत चालला होता, आणि त्याला बघून आई हाका मारत होत्या. चौपन्न वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं, ते आता तरी कसं घेतील? "अहो, इकडे!" म्हणत त्यांनी एक पाय पुढे टाकला. दिराने झेप घेतली आणि त्यांना मनगटाला धरून मागे ओढलं. मातीचं ढेकूळ पाण्यात पडलं. आई त्याच्यावर खेकसल्या, "सोड! ते चुकतील की रस्ता!"

दिराचं तोंड उघडलं. आता सांगणार, असं मला वाटलं. मी डोळे मिटून घेतले.

"मागून येताहेत अम्मा," तो म्हणाला. "अप्पा मागून येताहेत. हळू चालतात ना ते."

"आमा, हो की, गुडघे," आई म्हणाल्या आणि शांत झाल्या.

त्यानंतर तो त्यांचा हात धरूनच चालला. थोडं गेलं की आई थांबायच्या, मागे बघायच्या, आणि तो सांगायचा, येताहेत. किती वेळा सांगितलं असेल! मी मागून चालत होते. त्याचा राग मला समजत होता, पण आता तो रागवायलाही मोकळा राहिला नव्हता.

स्टेशन त्या भागातल्या सगळ्या स्टेशनांसारखं प्रचंड आणि ओसाड. गटातले लोक आधीच्या गाडीने गेले होते. आम्ही वर फलाटावर पोचलो, आई बाकावर बसल्या, गाडी आली. त्या उठल्या नाहीत.

"ते आल्यावाचून मी चढायची नाही."

गाडी गेली. दुसरी आली, तीही गेली. मी समजावलं, ते पुढच्या गाडीने येतील म्हणाले, घरी गेलेत म्हणाले. आईंनी बाकाची कड धरून ठेवली होती. दिवस कलत होता. उचलून न्यायचं तर आई ओरडल्या असत्या. माझं डोकं चालेना, आणि खरं सांगायचं तर त्या घडीला मला वाटून गेलं, की असू दे, जाऊ दे तांबरमला, माझ्याने होत नाही.

दीर म्हणाला, "मी खाली जाऊन बघतो, अम्मा." त्याला बहुधा दोन मिनिटं एकट्याने कुठेतरी उभं राहायचं होतं. तो बराच वेळ आला नाही. मग पायऱ्यांवर पावलं वाजली. दिवसभराच्या चालीने तो थकला होता, एक हात गुडघ्यावर ठेवून एकेक पायरी चढत होता, डोक्यावर ओला रुमाल टाकलेला. मी त्याला ओळखलं ते तोंड वर केल्यावर. तोवर अप्पाच चढत होते.

आई उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"आलात?" त्या म्हणाल्या. "किती वेळ हो."

दीर शेवटच्या पायरीवर थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काय सांगणार होते? पुढची गाडी येत होती, तिचा दिवा दूरवर दिसत होता.

"हो," तो म्हणाला. "आलो."

आई त्याच्या हाताला धरून मुकाट्याने गाडीत चढल्या. डबा जवळजवळ रिकामा होता. त्या खिडकीशी बसल्या, तो शेजारी, मी समोर. गाडी सुटल्यावर त्यांनी माझ्याकडे चोरून पाहिलं, मी ऐकत नाही अशी खात्री करून घेतली, आणि त्याच्या कानाशी लागल्या.

"धाकटा मज तांबरमास नेऊन ठेवायचं म्हणतो. काल दाराआडून ऐकलं मी. थोरल्या सुनेचा जीव थकला, तिज काय बोलायचं? पण मज नाही राहवायचं तिथे. तुम्ही सांगा त्यास. तुमचं ऐकतो तो."

दीर खाली बघत होता.

"सांगाल ना?"

"सांगतो."

"घरी गेल्या गेल्या सांगा," आई म्हणाल्या. "तुम्ही विसरता मग."

"नाही विसरणार," माझा दीर म्हणाला.